पतंगांच्या ग्रुपचं बिऱ्हाड

रात्री पांढरी चादर टांगायची, तिच्यापुढे दिवा लावायचा आणि वाट बघायची. तासाभरात चादरीवर पतंग येऊन बसायला लागतात. पतंग म्हणजे मॉथ, फुलपाखरांचे रात्री फिरणारे भाईबंद. जगात त्यांच्या दीड लाखाच्या आसपास जाती आहेत आणि ओळख पटवताना भलेभले अडखळतात. म्हणून २०१३ साली आम्ही काही जणांनी एका मोठ्या सोशल मीडिया मंचावर ग्रुप काढला. कोणी फोटो टाकायचा, खाली एखादा जाणकार नाव सांगायचा, दुसरा म्हणायचा, ‘नाही, मागच्या पंखावरचा ठिपका बघा,’ आणि मग दोन दिवस वाद चालायचा. मी पतंग शिकले ते या वादांमधून.

२०२२च्या ऑगस्टमध्ये एका सकाळी ग्रुप उघडेना. नियमांचा भंग झाल्यामुळे बंद केला आहे, एवढी एक ओळ. कोणत्या नियमाचा, कोणाकडून, कोणत्या पोस्टमुळे, काही नाही. आमच्यातल्या एकाने आदल्या आठवड्यात ‘माझ्याकडे चार कोष आहेत, वाढवायला कोणाला हवेत?’ असं लिहिलं होतं. कोणत्या तरी यंत्रणेला ती प्राण्यांची विक्री वाटली असावी, हा आमचा अंदाज. अंदाजच, कारण खरं कारण आम्हाला आजतागायत कळलेलं नाही. तक्रारीचा फॉर्म भरला, त्यावर आपोआप आलेलं एक उत्तर मिळालं, पुन्हा भरला, पुन्हा तेच उत्तर. एकोणिसाव्या दिवशी ग्रुप होता तसा परत दिसायला लागला. तेव्हाही कारण सांगितलं नाही.

बहुतेकांचा जीव भांड्यात पडला. माझा मात्र त्याच दिवशी टांगणीला लागला. त्या एकोणीस दिवसांत मी एक गोष्ट करून पाहिली होती. मंचाकडून माझी सगळी माहिती डाउनलोड करून घेतली होती. युरोपात मे २०१८पासून लागू झालेल्या माहिती-संरक्षण कायद्यानंतर अशी सोय जवळपास सगळ्या मोठ्या कंपन्यांनी दिली आहे. फाइल उघडली तर माझे फोटो होते, माझं लिहिणं होतं. पण फोटोंखाली जे इतरांनी लिहिलं होतं, ते नव्हतं. साहजिकच, ते त्यांचं होतं, माझं नव्हतं. एका फोटोवर सात जणांनी मिळून अकरा दिवस खल करून नाव ठरवलं होतं, त्यातलं माझं वाक्य फक्त एक होतं: ‘पंख मिटलेला फोटोही आहे, टाकू का?’ फाइलमध्ये तेवढंच राहिलं होतं. नऊ वर्षांत आम्ही जे एकत्र जमवलं, ते एकट्या कोणाच्याच झोळीत मावत नव्हतं. ते फक्त त्या मंचावर होतं, आणि मंच आमचा नव्हता.

मी ग्रुपवर लिहिलं, ‘आपण इथून निघू या.’

‘परत आलंय ना सगळं? मग कशाला?’ हा पहिला प्रतिसाद होता, आणि त्यावर चाळीसेक जणांनी अंगठा दिला. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. बसलेली घडी मोडायला कोणाला आवडतं? पण मोठी घरं बंद होतात, हे काही नवीन नाही. जिओसिटीज २००९ साली गेलं, ऑर्कुट २०१४ साली, गूगल प्लस २०१९च्या एप्रिलमध्ये, याहू ग्रुप्स २०२०च्या डिसेंबरमध्ये. प्रत्येक वेळी लोकांना कळवलं गेलं, मुदत दिली गेली, आणि तरीही प्रत्येक वेळी माणसं पांगली. कारण नव्या जागी जाताना सामान नेता येत होतं, पण शेजार नेता येत नव्हता. मला शेजार हवा होता.

त्याच सुमाराला, २७ ऑक्टोबर २०२२ला, ट्विटरची मालकी बदलली. ४४ अब्ज डॉलरचा व्यवहार. त्यानंतरच्या काही आठवड्यांत ट्विटरला पर्याय म्हणून मॅस्टोडॉन हे नाव ज्याच्या त्याच्या तोंडी झालं. मी ते आधी फक्त ऐकून होते. शोधायला गेले तर कळलं की ते २०१६पासून आहे, ऑयगेन रोख्को या जर्मनीतल्या तरुणाने सुरू केलेलं, आणि त्याच्याही आधी अशा प्रयत्नांची बरीच मोठी ओळ आहे. २००८चं आयडेंटिका, २०१०चं डायस्पोरा. लोकांकडून वर्गणी गोळा करून उभं राहिलेलं डायस्पोरा मला विशेष भावलं. ही सगळी मंडळी एकाच प्रश्नाभोवती झटत होती: गप्पा मारायला एकाच मालकाच्या घरी का जमायचं?

हे चालतं कसं, ते समजून घ्यायला मला महिना लागला, म्हणून थोडं सविस्तर सांगते. इथे एक मोठा मंच नसतो, हजारो छोटे सर्व्हर असतात. प्रत्येकाचा चालवणारा वेगळा, नियम वेगळे. सर्व्हर एकमेकांशी ज्या ठरलेल्या भाषेत बोलतात तिचं नाव अ‍ॅक्टिव्हिटीपब. जानेवारी २०१८मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने तिला मान्यता दिली. ही भाषा बोलणाऱ्या सगळ्या सर्व्हरांच्या गोतावळ्याला फेडिव्हर्स म्हणतात. त्यात मॅस्टोडॉन आहे, फोटोंसाठी पिक्सेलफेड आहे, व्हिडिओंसाठी पीअरट्यूब आहे, विषयवार चर्चेसाठी लेमी आहे. मी पोस्ट लिहिली की माझा सर्व्हर पाहतो, मला फॉलो करणारी माणसं कुठल्या कुठल्या सर्व्हरवर आहेत. त्या प्रत्येक सर्व्हरला तो एक प्रत पाठवतो. बस. मधे कोणी बसलेला नाही, कोणाला काय दाखवायचं ते ठरवणारं यंत्र नाही. जे ज्या क्रमाने येईल ते त्या क्रमाने दिसतं.

ऐकायला सोपं आहे. पण ‘प्रत पाठवतो’ या दोन शब्दांत पुढच्या सगळ्या गमतीजमती आणि अडचणी दडलेल्या आहेत, हे तेव्हा मला कळलं नव्हतं.

नोव्हेंबरमध्ये आम्ही साठेक जण एका छोट्या सर्व्हरवर गेलो. निसर्गाची आवड असलेला एक माणूस तो स्वतःच्या वेळात, स्वतःच्या खिशातून चालवत होता. साठ. जुन्या ग्रुपवर आम्ही हजाराच्या वर होतो. आणि जे आले नाहीत त्यांत आमचे काका होते.

काकांबद्दल सांगायलाच हवं. ग्रुपवरच्या निम्म्या ओळखी त्यांनी पटवलेल्या होत्या. पंखावरचे खवले झडलेले, अर्धा पंख तुटलेला, फोटो हललेला, तरी काका नाव सांगायचे. त्यांना मी फोनवर बसून खातं काढायला मदत करत होते. पहिल्याच पडद्यावर प्रश्न आला: कोणता सर्व्हर? काका म्हणाले, ‘मला कसं कळणार कोणता?’ मी समजावलं. त्यांनी पुन्हा विचारलं, ‘चुकीचा निवडला तर?’ मी म्हणाले, नंतर बदलता येतो. तिकडे बराच वेळ शांतता. मग ते म्हणाले, ‘अगं, तू मला फोटो पाठवत जा. मी सांगत जाईन.’ त्या दिवसापासून आजपर्यंत मी त्यांना फोटो पाठवते, आणि त्यांचं उत्तर त्यांच्या नावानिशी ग्रुपवर टाकते. पुढे २०२३च्या मे महिन्यात मॅस्टोडॉनच्या अ‍ॅपने नव्या माणसाला थेट सगळ्यात मोठ्या सर्व्हरवर खातं उघडून द्यायला सुरुवात केली. त्यावर जुन्या मंडळींनी बरीच नाराजी दाखवली, की अशाने सगळे पुन्हा एकाच ठिकाणी गोळा होतील. त्यांची भीती खरी आहे. पण मी त्या फोनवरची शांतता ऐकली आहे. दारातच असा प्रश्न विचारला की ज्याचं उत्तर आत गेल्याशिवाय देता येत नाही, तर माणूस माघारीच फिरणार.

पहिले काही आठवडे सर्व्हर रडतखडत चालला. तेव्हा जगभरातून लोकांचे लोंढे येत होते आणि बहुतेक सर्व्हर एकट्यादुकट्याच्या जिवावर उभे होते. सकाळी टाकलेली पोस्ट दुसऱ्या सर्व्हरवर दुपारी पोचायची. सर्व्हरच्या मागे कामांची एक रांग असते, साइडकिक नावाचा प्रोग्रॅम ती सांभाळतो; रांग वाढली की सगळं तुंबतं. आमचा अ‍ॅडमिन रात्र रात्र जागून ती रांग मोकळी करत होता आणि दर तासाला काय चाललंय ते सगळ्यांना लिहून कळवत होता. ‘अजून दोन लाख कामं बाकी आहेत, झोपा, सकाळी बघू.’ ते वाचून मला फार बरं वाटलं होतं. एकोणीस दिवस मी ज्याची वाट पाहिली होती ते हेच, की कोणीतरी माणूस पलीकडून बोलेल.

मग ओळखींचा गोंधळ सुरू झाला. एका मुलीने फोटो टाकला, मी खाली नाव लिहिलं. दुसऱ्या सर्व्हरवरच्या एका दादांनी खाली वेगळंच नाव लिहिलं. तिसऱ्या ठिकाणाहून आणखी कोणी तरी माझंच उत्तर नव्याने दिलं. मला वाटलं, हे एकमेकांचं वाचत का नाहीत? दोन दिवस मी मनातून चिडलेली होते. मग दादांशी बोलले तेव्हा कळलं, त्यांच्या पडद्यावर माझं उत्तर नव्हतंच. प्रती फॉलो करणाऱ्यांच्या सर्व्हरवर जातात. त्यांच्या सर्व्हरवर मला फॉलो करणारं कोणी नव्हतं, म्हणून माझं उत्तर तिकडे गेलं नव्हतं. एकाच फोटोखालची चर्चा प्रत्येकाला थोडी थोडी वेगळी दिसत होती. या रचनेचा तो स्वभाव आहे. आम्ही त्यावर साधा उपाय काढला: ओळख सांगणाऱ्या सगळ्यांनी एकमेकांना फॉलो करायचं, आणि ज्याचा फोटो आहे त्याने शेवटी सगळी उत्तरं एकत्र करून एक पोस्ट लिहायची. वर हॅशटॅग द्यायचा. नोव्हेंबर २०२२मध्ये आलेल्या मॅस्टोडॉनच्या चौथ्या आवृत्तीपासून माणसांसारखा हॅशटॅगही फॉलो करता येतो, त्याचा खूप उपयोग झाला. शेवटी एकत्र करून लिहायची ही सवय इतकी चांगली निघाली की आता मला वाटतं, जुन्या ग्रुपवरही आम्ही हेच करायला हवं होतं. मग माझ्या डाउनलोड केलेल्या फाइलमध्ये निदान निष्कर्ष तरी उरले असते.

२०२३च्या उन्हाळ्यात अ‍ॅडमिनने लिहिलं की त्याला आता झेपत नाही. तीन महिन्यांनी सर्व्हर बंद होईल.

हा घाव मला अपेक्षित नव्हता, तरी समजण्यासारखा होता. मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत ज्या सर्व्हरांची नावं असतात त्यांना काही गोष्टी कबूल कराव्या लागतात; रोज बॅकअप, आणीबाणीत सर्व्हर हाती घेऊ शकेल असा दुसरा माणूस, आणि बंद करायचं असल्यास तीन महिन्यांची सूचना. त्याने शब्द पाळला होता. जुन्या ग्रुपवरच्या काही जणांनी मला निरोप पाठवले, ‘बघ, आम्ही म्हटलं नव्हतं?’ आणि त्या आठवड्यात मी स्वतःही हाच विचार करत होते, की मोठ्या मालकाच्या दारातून उठून आपण छोट्या मालकाच्या दारात बसलो, एवढंच ना?

पण स्थलांतर प्रत्यक्ष केलं तेव्हा फरक दिसला. आधी नव्या सर्व्हरवर खातं उघडायचं. त्याच्या सेटिंगमध्ये सांगायचं की अमुक जुनं खातं माझंच आहे. मग जुन्या खात्यावर जाऊन ‘इथून तिकडे’ असा आदेश द्यायचा. पासवर्ड टाकायचा. मी बटण दाबलं आणि पडद्याकडे बघत बसले. नव्या खात्यावर फॉलोअर शून्य. एक मिनिटाने चार. मग एकोणीस. मग एकशे सहा. माझ्या जुन्या खात्याला फॉलो करणाऱ्या माणसांचे सर्व्हर, माझ्या जुन्या सर्व्हरचा निरोप मिळताच, त्यांना माझ्यामागे नव्या पत्त्यावर आणत होते. त्या माणसांना काहीच करावं लागलं नाही. बहुतेकांना कळलंही नसेल. मी ज्यांना फॉलो करत होते त्यांची यादी, ब्लॉक केलेल्यांची यादी, खुणा केलेल्या पोस्ट, हे सगळं फाइलमधून उचलून इकडे ठेवता आलं. माझ्या जुन्या पोस्ट मात्र आल्या नाहीत; त्यांची फक्त डाउनलोड केलेली प्रत राहिली. सामान मागे राहिलं आणि शेजार सोबत आला. आधी जे व्हायचं त्याच्या बरोबर उलट.

हे नवं खातं आमच्या स्वतःच्या सर्व्हरवर होतं. आम्ही पाच जणांनी ठरवलं होतं की आता एकट्याच्या जिवावर नको, पाच जणांच्या जिवावर उभा करू. त्यातला फक्त एक जण संगणकाचा जाणकार. तो पहिल्या बैठकीत म्हणाला, ‘डोमेनचं नाव नीट विचार करून ठरवा. बाकी सगळं नंतर बदलता येईल, हे नाही.’ प्रत्येक खात्याच्या पत्त्यात ते नाव असतं, दुसऱ्या हजारो सर्व्हरांनी ते तसंच लिहून ठेवलेलं असतं. नाव बदललं तर त्यांच्या लेखी आपण कोणी वेगळेच. नावावर आम्ही दोन आठवडे भांडलो, आणि ते भांडण सार्थकी लागलं असं मला आजही वाटतं.

सुरू केल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती शांतता. नवा सर्व्हर मुका असतो. तुम्ही कोणाला फॉलो केलं नाही तर तुमच्याकडे कोणाची प्रत येत नाही. आम्ही पाच जण पहिले तीन दिवस जुन्या यादीतल्या एकेकाला शोधून फॉलो करत होतो, तेव्हा कुठे अंगणात चिमण्या यायला लागाव्यात तशा पोस्ट यायला लागल्या.

दुसरी गोष्ट जाणवली ती भीती. अ‍ॅडमिन म्हणून डेटाबेस उघडला आणि पाहिलं की लोकांचे खासगी संदेश मला वाचता येतील. कुलूपबंद नसतात ते. मॅस्टोडॉनवरचा खासगी संदेश म्हणजे फक्त नाव घेतलेल्या माणसाकडे जाणारी पोस्ट. दोन्हीकडचा अ‍ॅडमिन मनात आणलं तर बघू शकतो. मी तो डेटाबेस बंद केला आणि त्याच रात्री नियमांच्या पानावर पहिलं वाक्य लिहिलं: ‘इथले खासगी संदेश आमच्यापासून तांत्रिकदृष्ट्या लपलेले नाहीत. नाजूक बोलणं इथे करू नका.’ त्यासाठी मॅट्रिक्स नावाची संदेशांची सोय आहे, तीही अशीच अनेक सर्व्हरांवर वाटून चालणारी, आणि तिथे संदेश टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद करता येतात. काही सदस्य हे वाचून दचकले. दचकायलाच हवं. मोठ्या मंचांवरही कोणीतरी बघू शकतच असतं, फक्त तो कोण हे आपल्याला माहीत नसतं. इथे ती मी होते, आणि लोकांना माझं नाव माहीत होतं.

मॉडरेशनबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी होती आणि त्यात मी सगळ्यात जास्त शिकले. आमच्या एका तरुण सदस्येला दुसऱ्या सर्व्हरवरून घाणेरडे निरोप यायला लागले. त्या एका खात्याला ब्लॉक करणं सोपं. पण दुसऱ्या दिवशी त्याच सर्व्हरवरून नव्या खात्यातून पुन्हा. मी त्या सर्व्हरच्या अ‍ॅडमिनला लिहिलं. तासाभरात उत्तर आलं, संध्याकाळपर्यंत दोन्ही खाती काढलेली, आणि तिने विचारलं, ‘तुमच्या मुलीला बरं वाटतंय का आता?’ महिन्याभराने दुसऱ्या एका सर्व्हरवरून असंच झालं. तिथल्या अ‍ॅडमिनला तीनदा लिहिलं, उत्तर नाही. मग आम्ही पाच जणांनी तो अख्खा सर्व्हर तोडायचं ठरवलं. इथे तशी सोय आहे, एका सर्व्हरने दुसऱ्याशी बोलणंच बंद करायचं. पण त्या सर्व्हरवर आमच्या दोन सदस्यांचे मित्रही होते, आणि तोडल्यावर ते फॉलोअर तुटणार होते. मी त्या दोघांना आधी फोन केला. एक म्हणाला, बरोबर आहे. दुसरी रागावली, आणि तिचा राग रास्त होता. तिच्या मित्राने दुसरीकडे खातं उघडेपर्यंत महिना गेला. त्या महिन्यात ती माझ्याशी तुटक बोलत होती. निर्णय बरोबर होता असंच मी आजही म्हणेन. पण एका माणसाचं नुकसान करून तो घेतला, हेही तितकंच खरं आहे.

डिसेंबर २०२३मध्ये फेसबुकवाल्या मेटा कंपनीच्या थ्रेड्स या मंचाने अ‍ॅक्टिव्हिटीपबची चाचणी सुरू केली, तेव्हा हाच प्रश्न मोठ्या रूपात आला. अनेक सर्व्हरांनी आधीच जाहीर केलं होतं की आम्ही त्यांना ब्लॉक करणार. आमच्याकडे मतं दुभंगली. ज्या मालकांपासून लांब आलो, त्यांनाच अंगणात घ्यायचं? की ज्यांना इकडे यायला जमत नाही, त्यांच्यापर्यंत पोचायची ही वाट आहे? मला काका आठवले. आम्ही मधला मार्ग घेतला: तिथल्या पोस्ट सगळ्यांपुढे आपोआप येणार नाहीत, पण ज्याला तिथल्या कोणाला फॉलो करायचं असेल त्याने करावं. २०२४च्या फेब्रुवारीत ब्लूस्काय हा ट्विटरसारखाच दुसरा मंच आमंत्रणाशिवाय सगळ्यांना खुला झाला आणि आमचे बरेच जण तिकडे गेले. त्याची भाषा वेगळी, एटी प्रोटोकॉल. तिची एक कल्पना मला खरोखर आवडते: माणसाची ओळख सर्व्हरच्या नावाला बांधलेली नसते, त्यामुळे सर्व्हर बदलला तरी पोस्टसुद्धा सोबत नेता येतात. आमचं जे मागे राहिलं तेच नेमकं. पण आज तिथली बहुतेक खाती एकाच कंपनीच्या यंत्रांवर आहेत. वाट आहे आणि वाटेने अजून फारसं कोणी गेलेलं नाही. दोन्हींमध्ये निरोप पोचवणारा ब्रिजी फेड नावाचा पूल आहे. आम्ही तो वापरतो, त्यामुळे तिकडे गेलेल्यांशी बोलणं तुटलेलं नाही.

सगळ्यात वाईट रात्र २०२४च्या जुलैची. जुलैच्या शेवटी जगभर पतंगांचा सप्ताह असतो, २०१२पासून. त्या आठवड्यात आमच्याकडे फोटोंचा पाऊस पडतो. शनिवारी रात्री साडेअकराला पोस्ट जाणं थांबलं. पान उघडायचं, लिहिलेलं जायचं नाही. जाणकार मित्र प्रवासात, फोनवर. तो म्हणाला, ‘आधी डिस्क किती भरली आहे ते बघ.’ शंभर टक्के. डिस्कवर जागाच नसली की डेटाबेस नवीन काही लिहून घेत नाही. ‘काही पुसू नकोस,’ तो म्हणाला, ‘आधी काय भरलंय ते वाच मला.’ मी एकेक फोल्डर आणि त्याचा आकार वाचत गेले. आमच्या सदस्यांचे फोटो डिस्कच्या दहाव्या हिश्शाइतकेही नव्हते. बाकी सगळं दुसऱ्या सर्व्हरांवरून आलेल्या फोटोंच्या प्रती. आम्ही फॉलो केलेल्या प्रत्येकाच्या प्रत्येक फोटोची प्रत आमच्याकडे जमत होती, आणि जुन्या प्रती साफ करण्याचं काम आम्ही कधी लावूनच ठेवलं नव्हतं. त्या प्रती पुसल्या तरी मूळ फोटो त्यांच्या घरी सुरक्षित असतात. आठवड्याहून जुन्या सगळ्या काढायचा आदेश दिला. चाळीस मिनिटांनी पोस्ट जायला लागल्या.

मी सुटकेचा श्वास टाकणार, तेवढ्यात त्याने विचारलं, ‘बॅकअप बघून ठेव, कालचा आहे ना?’ फाइल होती. नाव होतं, तारीख होती. आकार शून्य. आदल्या दिवशीची शून्य. त्याआधीची शून्य. डिस्क भरत आली तेव्हापासून, म्हणजे नऊ दिवस, बॅकअप नुसत्या नावाचे तयार होत होते. माझे हात गार पडले. नऊ वर्षांचं एकदा एकोणीस दिवस गमावून बसलेली मी, आणि या वेळी ते गेलं असतं तर बोट दाखवायला दुसरं कोणी नव्हतं.

त्यानंतर आमचा एक नेम झाला. महिन्याच्या पहिल्या शनिवारी बॅकअप दुसऱ्या यंत्रावर खरोखर उभा करायचा. फाइल आहे का ते बघायचं नाही; तिच्यातून सर्व्हर उभा राहतो का ते बघायचं. डेटाबेस, आमच्या सदस्यांचे फोटो, आणि ज्या छोट्या फाइलमध्ये सर्व्हरच्या गुप्त किल्ल्या असतात ती. हे काम दर महिन्याला वेगळ्याने करायचं. करताना अडलं ते वहीत लिहायचं, पुढच्याला तेच अडू नये म्हणून. पहिल्यांदा मी केलं तेव्हा पाच तास लागले. परवा आमच्यातल्या निवृत्त शिक्षिकेने केलं, ज्यांनी दोन वर्षांपूर्वी सर्व्हरला आदेश द्यायच्या काळ्या पडद्यावर एक अक्षर टाइप केलं नव्हतं. पाऊण तास. वहीत त्यांनी फक्त एक ओळ लिहिली: ‘पायरी सहामध्ये स्वल्पविराम चुकला होता, दुरुस्त केला.’

आता आम्ही दोनशेच्या आसपास आहोत. जुना ग्रुप अजून आहे, तिथे अजून हजार आहेत, आणि मी आठवड्यातून एकदा तिथेही जाते. तिथल्या पोस्ट मला तरी क्वचितच समोर येतात. काका अजून फोनवरच आहेत.

यंदाच्या सप्ताहात एका मुलाने कण्हेरीवरच्या हॉक मॉथचा फोटो टाकला. आमच्याकडे फोटोसोबत वर्णन लिहायचा नियम आहे, कारण आमच्यात एक ताई आहेत ज्यांना दिसत नाही. त्यांच्या फोनमधला आवाज ते वर्णन वाचून दाखवतो. मुलाने लिहिलं होतं: ‘हिरवा पतंग.’ ताईंनी खाली विचारलं, ‘कसला हिरवा? पानासारखा की शेवाळासारखा?’ मुलाने वर्णन बदललं: ‘शेवाळी हिरवा, त्यावर संगमरवरासारख्या फिक्या गुलाबी रेषा.’ ताईंनी पुन्हा विचारलं, ‘पंख पसरलेत की मिटलेत?’ वर्णन पुन्हा बदललं. प्रत्येक बदलासरशी दुसऱ्या सर्व्हरांवरच्या प्रतीही बदलत गेल्या असणार. मी तो फोटो काकांना पाठवला, आणि या वेळी खाली ते वर्णनही जोडलं. दहा मिनिटांनी त्यांचा निरोप आला, ‘नाव तर सगळ्यांना माहीत आहे. पण हे लिहिलंय कोणी? छान लिहिलंय.’

मी त्यांना मुलाचं नाव सांगितलं, आणि ताईंचंही.